सूपमधल्या अंगठ्याची मंजुरी

चूक कोणाच्याही हातून होते. पण तीच चूक चाळीस लाख वेळा, केसभरही न ढळता व्हावी, यासाठी छपाईचा कोरीव सिलिंडरच लागतो. आणि तो घडवावा तर जर्मनीतल्या वेस्टफालियाच्या माणसांनी.

पद्धत साधी आहे. पोलादी रुळाला तांब्याचा मुलामा द्यायचा, तो आरशासारखा घासायचा, मग हिऱ्याच्या टोचणीने त्यात बारीक खळगे पाडायचे. शाई भरते ती या खळग्यांत. वर क्रोमचा थर. रंगागणिक वेगळा सिलिंडर, टप्प्यागणिक तपासनीस आणि तपासनिसागणिक आणखी एक तपासनीस. (त्याच्यावर देव, पण देवाच्या सहीसाठी अजून रकाना केलेला नाही.)

आनेग्रेट टेनहागनकडे खळगे किती खोल ते तपासायचं काम होतं. तिच्या उमेदवारीचा शेवटचा आठवडा चालू होता. नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा कत्तलखान्याच्या थंड खोलीत सॉसेज बांधायची. तिथल्या गारठ्याने तिची बोटं अजून ठणकत.

त्याच आठवड्यात वाटाण्याच्या सूपच्या पाकिटाची नमुनाछाप तिच्यापुढे आली. भिंगाखाली खळगे निर्दोष होते. भिंग पुसायला तिने मान वर केली आणि कारखान्यात सहसा कोणी करत नाही ते तिच्या हातून घडलं: तिने चित्र पाहिलं. वाडगा धरणाऱ्या कोणाचा तरी अंगठा पहिल्या पेरापर्यंत सूपमध्ये बुडाला होता.

ती रंगविभागातल्या लुडगरकडे गेली.

"अहो लुडगर, सूपमध्ये अंगठा आहे."

"कुठल्या रंगात?"

"पिवळ्या, किरमिजी. थोडा निळ्यातही."

"मग बरोबर आहे. मीच तपासलाय. कातडीचा रंग इतका छान क्वचित उतरतो बघा."

क्रोमवाल्यांनी नखाची चमक वाखाणली. मजकूर तपासणाऱ्या बाईंना अंगठ्यात शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. सूपवाल्या कंपनीचीही सही होती. त्यांनी आपल्या बोधचिन्हाची रुंदी मोजून घेतली होती. एकूण अंगठ्याला चौदा मंजुऱ्या मिळाल्या होत्या. (वाटाण्यांना नऊच.)

आनेग्रेटला राहवेना. ती विभागप्रमुख ब्योमरसाहेबांपुढे उभी राहिली.

"म्हणजे चौदा माणसांना अंगठा दिसला नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"दिसला, साहेब. चांगला उतरलाय म्हणतात सगळे."

"मग दोष कशात आहे, टेनहागनबाई?"

तरी न्यायी माणूस. त्यांनी बैठक बोलावली. कॉफी झाली, लोण्याचा केक झाला. अंगठा काढायचा तर तीन सिलिंडर खरवडायचे, आणि चौदा माणसांना तोंड दाखवायला जागा उरायची नाही. मग त्या देशातला रामबाण उपाय कोणाला तरी सुचला. पाकिटात नसलेली वस्तू चित्रात असली, तर खाली बारीक अक्षरांत 'वाढण्याची सूचना' असं छापतात. कोथिंबिरीला चालतं, चांदीच्या चमच्याला चालतं. अंगठ्यानेच काय घोडं मारलंय? तेव्हा फक्त काळा सिलिंडर खरवडून ते शब्द नव्याने कोरायचं ठरलं.

नव्या सिलिंडरला आनेग्रेटची सही हवी होती. तिला ती थंड खोली आठवली. खळगे तर खरोखरच निर्दोष होते. तिने सही केली आणि शुक्रवारी तिची नोकरी कायम झाली. घरी जाऊन ती रडली. आनंदाने, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

पाकिटं बाजारात गेली. चाळीस लाखांत तक्रारी आल्या तीन. एक, पाकीट नीट फाटत नाही. उरलेल्या दोन, आत अंगठा निघाला नाही.

तुम्ही हसलात, ते बरं झालं. आता वाचता वाचता जागचं न उठता एवढंच सांगा: तुमच्या घरातल्या चहाच्या पुड्यावर चित्र कसलं आहे? रोज सकाळी हातात घेता तो. आनेग्रेटने निदान पाहिलं तरी होतं.