टेकडीवरची हजेरी

सकाळी आर्डिस हॉगेन बाईंनी स्वयंपाकघराचा पडदा सरकवला, तर दारातली मोटार नाहीशी झालेली. चोरीला गेली नव्हती. वाऱ्याने लोटलेल्या बर्फाच्या ढिगाखाली होती. एकसष्ट वर्षांच्या बाईंच्या पोटात गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापक किवेला सरांचा संदेश होता : ‘इमारत बंद. वर्ग ऑनलाइन भरतील. बर्फाची सुट्टी ही पद्धत आता इतिहासजमा झाली आहे. हजेरी कमी भरल्यास जूनमध्ये शनिवारी शाळा.’

“मेला कसला इतिहास!” बाई फोनवरच डाफरल्या.

लहानपणी अशा सकाळी त्या आणि त्यांचे दोघे भाऊ पायजम्यातच रेडिओला कान लावून बसत. निवेदक बंद शाळांची नावं इतकी सावकाश वाचायचा, की जीव नुसता टांगणीला लागायचा. आपल्या शाळेचं नाव आलं की घरात असा गदारोळ उठायचा, की गोठ्यातून वडील धावत यायचे. मग दिवसभर ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून उतारावरून घरंगळायचं, गरम कोको ढोसायचा आणि ओलेच मोजे चढवून पुन्हा पळायचं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात थंडी सहा महिने असते. पण त्यातले असे चार-पाच दिवसच बाईंना आयुष्यभर पुरले होते.

पण नोकरी ती नोकरी. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि मागच्या वादळात वर्ग न घेतल्याबद्दल सरांनी लेखी ताकीद दिलेली. नऊच्या ठोक्याला बाईंनी पाचवीचा वर्ग उघडला. बावीस चौकोन, बावीस मुलं. अपूर्णांक सुरू झाले.

दहाव्या मिनिटाला बोडी म्हणाला, “बाई, आमचं नेट गेलं.”

“मग तू बोलतोयस कसा?”

“आत्ता जातंय, बाई. हे बघा, गेलं!” आणि चौकोन काळा झाला.

त्यानंतर गावातलं नेट भराभर जाऊ लागलं. कुणाच्या घरातली वीज गेली, कुणाची आजी अचानक आजारी पडली. साडेदहाला तीनच चौकोन उरले. त्यांतली ब्रिन मात्र गुणी. अर्धा तास पापणीही न लववता ऐकत होती. बाईंना तिचं कौतुक वाटलं. तेवढ्यात ब्रिन मधोमध वाकली, हळूहळू घसरली आणि खाली पडली. मागे रिकामी खुर्ची दिसली. पोरीने स्वतःचा फोटो खुर्चीला चिकटवून ठेवला होता. उरलेल्या दोन चौकोनांतही फोटोच होते.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर अख्खी पाचवी घसरगाड्या घेऊन किंचाळत होती.

“थांबा, बघतेच एकेकाला!” बाईंनी बूट चढवले, वर्ग फोनवर घेतला आणि टेकडी गाठली. वर चढताना दोनदा तोंडावर आपटल्या, त्यामुळे मुलांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा राग होता, पण दिसत नव्हता. सगळा चेहरा बर्फाने भरला होता.

“बाई, आजी बरी झाली,” कुणीतरी चाचरत म्हणालं.

“नेट आलं का रे, बोडी?” बाईंनी विचारलं, आणि तेवढ्यात हातातल्या फोनमधून खणखणीत आवाज आला.

“हॉगेन बाई, मी तुमचा वर्ग तपासायला आलोय.”

किवेला सर! मागे जाडजूड ग्रंथांनी भरलेलं कपाट, गळ्यात टाय. बाईंनी घाईघाईने तोंडावरचा बर्फ पुसला.

“तुमच्या मागे हा बर्फ कसला?”

“चित्र आहे, सर. मुलांना उत्साह वाटावा म्हणून लावलंय.”

त्याच क्षणी एक घसरगाडी आरोळ्या ठोकत मागून गेली.

“चित्रातून मुलगा गेला, बाई.”

“हलतं चित्र आहे, सर.”

“आणि तुमच्या भुवयांवर?”

“घरातला हीटर बिघडलाय.”

मुलं तोंडात हातमोजे कोंबून हसू दाबत होती. सरांचा चेहरा कठोर झाला. “बाई, मला फसवू नका. वर्ग म्हणजे शिस्त! सकाळपासून मी माझ्या कार्यालयात या जागेवरून हललेलो नाही आणि तुम्ही...”

सरांच्या बाजूला कुठेतरी छोटी घंटा किणकिणली. सर थबकले. घंटा जोरात वाजू लागली. सरांचा एक कान नाहीसा झाला, मग अर्धा खांदा. “अरे, ओढतोय, ओढतोय!” असं ओरडत त्यांनी खाली झेप घेतली आणि ग्रंथांचं कपाटही चित्रच निघालं, ते भुर्रकन उडून गेलं. उरली फळ्यांची एक खोपटी, गोठलेल्या तलावाला पाडलेलं गोल भोक, त्यात सोडलेल्या गळाच्या दोरीला बांधलेली घंटा, आणि टायखाली लोकरी विजार घातलेले सर, दोन्ही हातांत तडफडणारा हातभर मासा धरून.

अख्खी पाचवी बाईंच्या फोनभोवती गोळा झाली.

“सर,” ब्रिन आदराने म्हणाली, “केवढा मोठा आहे हो!”

सरांनी माशाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. चेहऱ्यावर दहा वर्षांच्या पोराचं हसू फुटत होतं, ते त्यांनी कसंबसं आवरलं. “हॉगेन बाई, हजेरी किती?”

“बावीसपैकी बावीस हजर, सर.”

“उत्तम. असंच चालू द्या.” आणि ते घाईघाईने गेले.

बाईंनी फोन खिशात टाकला. बोडी उताराच्या तोंडाशी घसरगाडीवर बसून बोलणी खायच्या तयारीने त्यांच्याकडे बघत होता.

“सरक मागे,” हॉगेन बाई म्हणाल्या. “पुढे मी बसणार.”