निळ्या फुलांचं ओलं फडकं

इंधन खात्याच्या साहेबांनो, हिवाळा तुम्ही अडवून ठेवला आहे. हा माझा सरळ आरोप आहे आणि तो मी पूर्ण शुद्धीवर, मानेवरचा घाम पुसत करतो आहे.

मी गाड्या दुरुस्त करतो. सातवीनंतर मला इंजिनानेच शिकवलं. थंडीसाठी पंपावर हलकं पेट्रोल येतं. ते चटकन उडतं, म्हणून गारठ्यातही गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. ऊन चढलं की ते बंद होऊन उन्हाळी पेट्रोल यायला हवं. नाही आलं, तर हलकं पेट्रोल तापल्या नळीतच उकळतं, गाडीतला इंधनपंप नुसती वाफ ओढत बसतो आणि जुनी, कार्बोरेटरवाली गाडी चढावर मान टाकते. माझं गॅरेज चढावरच आहे.

यंदा ऊन आलं. उन्हाळी पेट्रोल आलं नाही, कारण त्याचं परिपत्रक निघालं नाही. एका दुपारी दारात अकरा गाड्या. मी एकेकीचं बॉनेट उघडलं, इंधनपंपावर ओलं फडकं ठेवलं, दहा मिनिटं थांबलो. वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं, गाड्या गेल्या. फडकं बायकोच्या जुन्या चादरीचं, निळ्या फुलांचं.

बाराव्या गाडीतून तुमचे निरीक्षक उतरले. आपली गाडी सुरू होईपर्यंत ते सावलीत उभे राहिले. सुरू झाल्यावर त्यांनी वही काढली.

“मिस्त्री, हे काय ठेवलंत?”

“फडकं.”

“ओलं का?”

“साहेब, उकडतंय. पेट्रोलसुद्धा उकळतंय.”

“खात्याच्या नोंदीनुसार हिवाळा चालू आहे,” स्वेटरची बाही कपाळावर फिरवत ते म्हणाले. “म्हणजे तुम्ही विनापरवानगी, खासगी जागेत, उन्हाळा सुरू केलात.”

गॅरेजचा परवाना निलंबित. फडकं जप्त. कागदावर नोंद: ‘फडकं एक, फुलं निळी, अवस्था ओली.’ पुरावा सापडला त्याच अवस्थेत राहिला पाहिजे, म्हणून कचेरीत एक कारकून तांब्या घेऊन बसवला. दर अर्ध्या तासाला तो पाणी शिंपडतो आणि वेळ टाकून सही करतो.

“अहो,” बायको म्हणाली, “माझी चादर सरकारी नोकरीला लागली. तुम्हीच तेवढे घरी बसलात.”

सुनावणीला दोन साक्षीदार हवे होते, उकडतंय असं लेखी देणारे. मी अकराही गाडीमालकांची दारं ठोठावली. पहिलं निवृत्त हेडमास्तरांचं. ते नुसत्या बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

“जीव जातोय हो नुसता! पण लेखी नको. आमची गाडी खात्याच्याच पंपावर भरते.”

बाकीच्या दहांनी गार पाणी दिलं आणि दार लावलं.

सुनावणीच्या खोलीत सगळे स्वेटरात. पंख्यांच्या बटणांवर लाखेची मोहोर.

“साक्षीदार?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नाहीत.”

“म्हणजे उकडत नाही.”

“साहेब, उन्हाळ्याचं परिपत्रक का अडलंय?”

“सही उपसंचालकांची लागते. ते उन्हाळ्याच्या सुट्टीवर डोंगरात गेलेत.”

“उन्हाळा नसताना उन्हाळ्याची सुट्टी?”

“सुट्टी आस्थापना शाखा देते. ऋतू आम्ही देतो. दोन शाखांची गल्लत करू नका.”

निकाल असा: परिपत्रकावर सही होईल त्या दिवशी परवाना परत. तोवर मी पान्याला हात लावायचा नाही.

मग खात्यानेही माणुसकी दाखवली. परिपत्रक सहीसाठी डोंगरात न्यायला खास गाडी काढली. जुनीच, पण सरकारी. टाकी खात्याच्या पंपावर काठोकाठ भरली. हिवाळी पेट्रोलने.

ती माझ्या दारात बंद पडली.

निरीक्षक उतरले. “मिस्त्री, फडकं आणा.”

“ते तुमच्याकडे ओलं होतंय, साहेब.”

“दुसरं आणा!”

“परवाना निलंबित आहे. हात लावला तर गुन्हा.”

“आम्ही डोळे झाकतो ना.”

“डोळे नकोत. उकडतंय एवढं लिहून द्या. एक ओळ.”

निरीक्षकांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब वहीवर पडला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला.

“लेखी नको,” ते म्हणाले.

बायकोने आतून स्टूल आणून दिलं. “बसा, साहेब. थंडीत तेवढंच ऊन खायला मिळेल.”

संध्याकाळी गाडी आपोआप गार होते. पण सहानंतर सरकारी गाडी हलवायला परवानगी लागते, आणि परवानगी देणारी कचेरी सकाळी अकराला उघडते. तोवर ऊन चढून बॉनेटवर हात ठेववत नाही. आज एकविसावा दिवस. उन्हाळा मागच्या सीटवर फाइलीत पडून आहे, कागद पिवळा पडतो आहे आणि माझी हत्यारं गंजताहेत.

काल हेडमास्तर समोरून गेले. पायी. अंगात स्वेटर.

“यंदा थंडी लांबली, नाही का?” ते म्हणाले.

खात्याला मी पाच पत्रं धाडली. उत्तर नाही, येणारही नाही. तेव्हा वाचणाऱ्या भल्या माणसा, तुलाच विचारतो. इतका वेळ हसलास, आणि तुझीही गाडी त्याच पंपावर भरते. आत्ता, या घटकेला, उकडतंय की नाही? एका शब्दात उत्तर दे. लेखी.