लांजेवार सरांचा वाढपी

कोंढ्याच्या एका लग्नात पंगत वाढताना मी लांजेवार सरांच्या हातावर कढत वरण ओतलं. त्यांनी 'पुरे' म्हणून पत्रावळीवर हात आडवा धरला होता, आणि माझं लक्ष पलीकडच्या ओळीत माझ्या सासऱ्यांना बुंदी पोचली की नाही याकडे होतं. सर ताडकन उठले. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांचा चेहरा तर उजळलेला. भाजलेला हात साऱ्या पंगतीला दाखवत ते म्हणाले, "पाहा. पुरे म्हटलं तरी हा वाढूनच राहिला. कॅन्सर म्हणतात तो हाच."

अर्धी पंगत हातातला घास हातातच ठेवून माझ्याकडे पाहू लागली. मी पवनीच्या पोस्टात तिकिटं विकणारा साधा बाबू. पण पुढे कित्येक वर्षं लोक मला 'कॅन्सरवाले बाबू' म्हणत.

सर पवनीच्या शाळेत वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवायचे. माणसाचं शरीर म्हणजे एक न उठणारी पंगत, हा त्यांचा सिद्धांत. कातडी, गालाच्या आतलं अस्तर, आतडं, या सगळ्या आवरणांच्या पेशी आपापल्या जागी मांडी घालून बसलेल्या. कुठे जखम झाली की आजूबाजूच्या पेशींकडून एक रसायन येतं. इंग्रजीत त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. सर म्हणायचे वाढपी. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी एक हात असतो. वाढपी त्या हाताला लागला की निरोप कानोकानी आत जातो, थेट केंद्रकापर्यंत: एकाचे दोन व्हा. जखम भरली की वाढपी निघून जातो, हात मिटतो. "पुरे म्हणता येते म्हणून माणूस माणसाच्या आकारात हाय," असं सर सांगत. सांगताना माझ्या पोटाकडे पाहत.

त्यांच्या एका विद्यार्थिनीनं बोर्डाच्या पेपरात 'वाढपी' असंच लिहिलं आणि तपासणाऱ्यानं त्यावर लाल काट मारली. सरांनी बोर्डाला चार पानी पत्र धाडलं. तिकीट मीच चिकटवलं. उत्तर आलं नाही.

परदेशातले शास्त्रज्ञ मात्र उत्तर देत. आपला लेख वाचायचा आहे, प्रत पाठवावी, असं सर कार्डावर लिहायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खरंच जाडजूड पाकीट यायचं. 'पवनी' हे नाव त्या लोकांनी नाना तऱ्हांनी लिहिलं, पण पाकीट कधी चुकलं नाही. आमच्या पोस्टमास्तरांना त्याचा इतका गर्व, की आलेलं पाकीट ते दिवसभर काउंटरवर उभं करून ठेवायचे. भंडाऱ्याहून कुणी साहेब आला तर आधी पाकीट दाखवायचे, मग हजेरीबुक. गर्व मलाही होता. तिकडच्या मोठ्या माणसांना आमच्या गावात आपला लेख समजणारा एक माणूस आहे हे ठाऊक होतं, आणि त्याचा हात मी भाजलेला होता.

एका पावसाळ्यात आलेला लेख सरांनी काउंटरला टेकून उभ्याउभ्याच वाचून काढला. मग रांगेला न जुमानता मला म्हणाले, "बाबू, तुम्ही सुटले. दोष वाढप्याचा नाही, हाताचा निघाला. कोंबड्यात कॅन्सर करणारा एक विषाणू हाय, त्याच्यापाशी ह्याच हाताचा मोडका तुकडा सापडला. असा मोडका हात मिटतच नाही. वाढपी आला नसला तरी आत निरोप जाऊनच राहते."

रांगेतल्या म्हातारीनं विचारलं, आंतरदेशी पत्र भेटते का?

निर्दोष सुटल्याच्या आनंदात मी सरांना घरी चहाला नेलं. ते तोच लेख माझ्या बायकोला समजावू लागले. ती स्वयंपाकघराच्या दारात बशीतून चहा पीत ऐकत होती. बोलता बोलता सर मध्येच थांबले.

"वहिनी, एकाच बाजूनं काहून पिऊन राहिल्या?"

तीन महिने ती तशीच पीत होती. मी पाहत होतो आणि दाढ असेल म्हणून सोडून देत होतो. सरांनी टॉर्च मागवली. जिथे ती रोज गुडाखू, म्हणजे तंबाखूची मिश्री, घासायची, तिथेच गालात आतून पांढरा चट्टा होता. सर म्हणाले, उद्याच नागपूर. ती म्हणाली, शेतात धानाचा रोवणा, लावणी चालू आहे, दिवाळीनंतर पाहू.

सरांनी या वेळी पंगतीचा दाखला काढला नाही. टॉर्च बंद केली आणि हळूच बोलले. "माझी थोरली बहीण होती. बाई म्हणो मी तिले. बिड्या वळून तिनं मले नागपूरले शिकवलं. तिच्या गालात असाच डाग होता. मी तवा पेशींचाच अभ्यास करून राहिलो होतो. तिले म्हटलं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, परीक्षा झाल्यावर पाहू."

बायकोनं बशी खाली ठेवली आणि नागपूरच्या बसची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही निघालो. डॉक्टरांनी चट्टा कापून तपासायला पाठवला. काही दिवसांनी रिपोर्ट आला: पेशी बिघडू लागल्या होत्या, कॅन्सर झालेला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, हे ओळखलं कुणी, कुठल्या दवाखान्यात असतात? मी ताठ बसून सांगितलं, "शाळेत असतात. आमचे पवनीचे सर." जणू त्यांना मीच घडवलं होतं.

रिपोर्ट घेऊन परतलो त्या संध्याकाळी सर घरी आले. रिपोर्ट तीनदा वाचला. आता पंगत येणार म्हणून मी सावरून बसलो. पण त्यांनी कागदाची घडी केली, बायकोच्या हातात दिली, गुडाखूची डबी फेकली ना, एवढं विचारलं आणि चहा न घेता चपला घालून गेले.

मी म्हटलं, एवढी आनंदाची बातमी, अन् हा माणूस काही बोललाच नाही.

"बोलले ना," बायको म्हणाली. "जाताना मले 'येतो बाई' म्हणले. मी त्यायच्याहून धा वर्षांनं लहान आहो."