साळूताईंची बढती

एका जंगलात... पण थांबा मुलांनो, ते एकटं जंगल नव्हतं. आजूबाजूच्या जंगलांनी मिळून एक संघराज्य केलं होतं. त्यातल्याच एका जंगलात साळूताई नावाची साळिंदर वकिली करायची.

साळूताई हुशार होती. शिवाय अंगावर काटे, त्यामुळे गळ्यात पडून कुणी काम करून घेईल ही भीती नव्हती. म्हणून संघराज्याच्या न्यायासनासाठी तिचं नाव पुढे आलं.

हे न्यायासन फार मोठं, बरं का. दोन जंगलांच्या हद्दीवर भांडण झालं की ते इथे यायचं. इथे बसलेल्याला मरेपर्यंत कुणी खाली उतरवू शकत नसे. महाराज वाघोबासुद्धा नाही. म्हणून नेमणुकीआधी ज्येष्ठांची सभा उमेदवाराला प्रश्न विचारून भंडावून सोडायची.

"ऊन चांगलं की सावली?" म्हाताऱ्या गव्याने विचारलं.

"असं प्रकरण उद्या माझ्यासमोर येऊ शकतं," साळूताई म्हणाली. "आज मत देणं योग्य नाही."

"बरं, दोन आणि दोन किती?"

"दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

वाघोबा खूश झाले. जिला मतच नाही, ती आपल्याविरुद्ध कशाला जाईल? नेमणूक झाली. आता तिला अहोजाहो करायचं हं, मुलांनो. त्या न्यायमूर्ती झाल्या.

पहिली काही वर्षं सुखात गेली. अवघड प्रकरण आलं की साळूताई पुढची तारीख देत. वादी म्हातारे होत, प्रतिवादी मरून जात, आणि वाद आपोआप मिटे. "किती शांतपणे न्याय करतात!" असं सगळे म्हणत.

मग एका कडक उन्हाळ्यात वाघोबांचे मेव्हणे बिबटराव यांनी हद्दीवरच्या पाणवठ्याला कुंपण घातलं. एक भेकरीण दाद मागायला आली. सोबत तिचं पाडस होतं. त्याची जीभ बाहेर लोंबत होती.

बिबटरावांचे वकील तरस उठले. "न्यायमूर्ती, आम्हाला तयारीला वेळ हवा. पावसाळ्यातली तारीख द्यावी. तेव्हा पाणी सगळीकडेच असेल आणि वादच उरणार नाही."

युक्तिवाद बिनतोड होता. साळूताई तारीख द्यायला निघाल्या, पण घसा कोरडा पडला होता. म्हणून आधी त्यांनी समोरच्या गाडग्यातलं पाणी तोंडाला लावलं. पाडस टक लावून त्यांच्या गळ्याकडे बघत होतं. त्यांनी घोट घेतला की त्याचाही गळा हलायचा.

साळूताईंना पुढचा घोट गिळवेना.

"भेकरीणबाई, तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं कसलं, बाईसाहेब? तहान लागलीय."

साळूताईंनी गाडगं खाली ठेवलं. "निकाल देते."

तरस दचकले. "आज?"

"आत्ता. कुंपण काढा."

असं काही घडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. निकाल कसा लिहितात, हे कारकुनाला इतरांना विचारावं लागलं. पण संध्याकाळपर्यंत कुंपण निघालं.

घरी पोचल्यावर साळूताईंनी आधी दाराला कडी घातली. "वाघोबा मला खाणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"खाऊ देत," नवरा म्हणाला. "चावताना कळेल त्यांना."

पण वाघोबांनी खाल्लं नाही. त्यांनी सत्कार केला. शाल पांघरताना ती टराटरा फाटली, तरी टाळ्या वाजल्या.

"एवढ्या थोर न्यायमूर्तींना एवढंसं आसन शोभत नाही," वाघोबा म्हणाले. "त्यांच्यासाठी आम्ही डोंगरमाथ्यावर महान्यायासन उभारलं आहे."

"तिथे प्रकरणं कोण आणणार, महाराज?"

"इतक्या उंच? कुणीच नाही. म्हणून तर मान मोठा!"

न्यायमूर्तींना खाली उतरवता येत नव्हतं. वर चढवायला मात्र कायद्याची काहीच हरकत नव्हती. साळूताई डोंगर चढल्या.

रिकाम्या आसनावर आता भरवशाचं कुणीतरी हवं होतं. तडकाफडकी निकाल देण्याची शक्यताच नको, म्हणून वाघोबांनी कासवाला नेमलं. कासवरावांचं पहिलं काम ठरलं: साळूताईंच्या निकालाला तातडीने स्थगिती.

कासवराव शपथ घ्यायला घरून निघाले. बरेच दिवस झाले तरी पोचले नाहीत. शोधायला गेलेल्या तरसांना ते एका करवंदीच्या जाळीखाली सापडले.

"न्यायमूर्ती, जरा पाय उचला! तिकडे अख्खं जंगल पाणी पितंय!"

"पाय उचललेलाच आहे," कासवराव म्हणाले. "कुठे ठेवावा, यावर विचार चालू आहे."

"मग मी उचलून नेतो."

"खबरदार! न्यायव्यवस्थेवर दबाव आणता?" असं म्हणून त्यांनी मान आत घेतली, आणि ती बाहेर काढण्याची घाई काही केली नाही.

आणि पाणवठ्यावर? भेकरीणबाईंचं पाडस रोज गुडघाभर पाण्यात जाऊन उभं राहायचं. पोट टम्म फुगायचं. आईने कितीही हाका मारल्या तरी बाहेर यायचं नाव घ्यायचं नाही.

तात्पर्य: न्यायाधीश शूर असावा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याच्या जागी येणारा आळशी असावा.