हललात तरच उजेड

मिलोराद स्वयंपाकघरातला दिवा कधी म्हणजे कधी मालवायचा नाही. पाणी प्यायला जायचा, दिवा लावायचा आणि गड जिंकल्यासारखा सोफ्यावर येऊन बसायचा. शेवटी त्याच्या बायकोचं, ल्युबिंकाचं डोकं फिरलं. खरं तर तिला ओट्यावर एक साधा पिवळा बल्ब हवा होता. पण रागाच्या भरात दुकानातून ती माणूस हलला की लागणारा आणि थांबला की विझणारा दिवा घेऊन आली. (रागात केलेल्या खरेदीला बिल असतं, अक्कल नसते.)

नेमका त्याच आठवड्यात स्लावा आला, घराण्याच्या संताचा सण. सासरे गेल्यावर यंदा पहिल्यांदाच तो हिच्या घरी होता. सासूबाई सकाळपासून नाव ठेवायला जागा शोधत होत्या. पाव फुगलेला, गहू मऊ शिजलेला, मासा अख्खा. काही सापडेना. ल्युबिंका मनातून टम्म फुगली होती.

संध्याकाळी पाद्रीबाबा आले. मोठं टेबल स्वयंपाकघरातच, म्हणून प्रार्थनाही तिथेच. मेणबत्ती लागली, सगळे माना खाली घालून स्तब्ध उभे राहिले. आणि दिवा गेला.

पाद्रीबाबांनी वीज गेली समजून पुस्तक मेणबत्तीजवळ नेलं. मिलोरादने नाक खाजवलं, दिवा आला. थोड्या वेळाने परत गेला.

"सणाच्या दिवशी अंधार," सासूबाई पुटपुटल्या. "माझ्या घरी नव्हतं हो असं कधी."

"अरे, हल की," ल्युबिंका दातओठ खात नवऱ्याला म्हणाली.

"पुतळ्यासारखा उभा राहा, असं तूच बजावलंस ना?"

"दिवा हिने आणलाय," सासूबाई कुजबुजल्या. "हिलाच हलू दे."

मग काय, ल्युबिंका अख्खी प्रार्थना फडकं हलवत उभी. हातात एवढा संताप होता, की विझायची दिव्याची छातीच झाली नाही. शेवटी रीतीप्रमाणे सगळ्यांनी मिळून सणाचा पाव हातात धरून गोल फिरवला, तेव्हा सगळेच हलत होते, तरी हिचा हात थांबेना. पाद्रीबाबा पुस्तकावरून अधूनमधून तिच्याकडे बघत होते.

निघताना ती त्यांचा कोट घेऊन दाराशी आली, तर ते सासूबाईंना बाजूला घेऊन हळूच सांगत होते, "पुढच्या वर्षी सुनेला बसू द्या. आजारी माणसाने उभं राहायलाच हवं असं नाही."

सासूबाईंनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"काय करणार बाबा," त्या उसासा टाकून म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हिचं हे असंच आहे."