नानांची जपानी तबकडी

ऐन मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या बायका एकदा पाण्याचा आवाज ऐकून हंडे-कळश्या घेऊन नळावर धावल्या, तर नळ कोरडाठाक. पाणी टपटपत होतं ते समोरच्या नानांच्या रेकॉर्ड प्लेअरवर. त्यानंतर बायकांनी नानांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाना म्हणजे अमळनेरच्या तेलगिरणीतून निवृत्त होऊन जळगावात आलेले फिटर. गिरणीत यंत्र बसवायला आलेल्या जपानी साहेबाने जाताना त्यांना एक तबकडी भेट दिली होती. तिच्यात गाणं औषधालाही नाही. पाण्याचे थेंब, बांबूवर एखादा टोला, मग बराच वेळ काहीच नाही, आणि अचानक जिन्यावरून पत्र्याचे डबे गडगडावेत तसा आवाज. मी एकदा भीत भीत विचारलं, "नाना, याला संगीत म्हणायचं?"

"जपानमा बी कोनले समजनं नही," नाना ऐटीत म्हणाले. "तुम्ही तं बँकमा, भाऊ."

संध्याकाळी चहाबरोबर तबकडी लागायचीच. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा दोन्ही बाजू ऐकूनच सुटला. पहिली बाजू संपत आली की एक मोठा चरा होता. तो जवळ आला की नाना बोट वर करत, डोळे मिटत. पिन 'टक्' करून उडाली की म्हणत, "ऊनी!" म्हणजे आली. कोण आली ते विचारायची सोय नव्हती, ऐकताना बोललेलं त्यांना खपत नसे. मला वाटे, समेसारखं काही असेल.

पुढे तबकडी झिजली. थेंब खरखरीत बुडाले आणि नाना कासावीस झाले. अजून झिजेल या धास्तीने आठवड्यातून एकदाच लावू लागले. मला ते बघवेना. माझा मेहुणा जपानला जाणाऱ्या जहाजावर नोकरीला होता. त्याला कव्हरचा फोटो पाठवला, आणि नवल म्हणजे तिकडे ती तबकडी नुकतीच पुन्हा निघाली होती. जपानला इतक्या वर्षांनी समजली म्हणायची! मेहुण्याने कोरी करकरीत आणून दिली.

नानांनी हात पुसून ती लावली. थेंब कसे स्वच्छ! बांबू तर खोलीतच वाजत होता. मी फुशारून बसलो. शेवट जवळ आला. नानांनी बोट वर केलं, डोळे मिटले. टक् झालंच नाही. बाजू संपली तरी बोट वरच.

"ती मनी घरवाली व्हती," नाना सावकाश म्हणाले. "घर पाव्हना येल व्हतात. 'बंद करा ते' म्हने, नि पिनले हिसका दिन्हा तिनी. मी दोन दिन तिनासंगे बोलनू नही. मंग ती वारनी. टक् तेवढं राह्यनं."

नानांनी नवी तबकडी अलगद कव्हरात घातली आणि माझ्या हातात ठेवली.

"हाई तुम्ही ठेवा, भाऊ. तुम्हना घर चरा पाडनारं मानूस शे."

त्या दिवाळीत मी प्लेअर घेतला. तबकडी लावली की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "बंद करा हो ते!" मी आवाज वाढवतो आणि ती बाहेर यायची वाट बघतो.