न्हाणीची कडी

न्हाणीचं दार हात न लावता हळूहळू मिटलं, तेव्हाच मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. (पाल चुकचुकली तरी मी सांगत सुटते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.)

खरं तर माझ्या सासऱ्यांनी, गुरुलिंगअप्पांनी, हे घर घेण्याआधी तीनदा पाहिलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला, ह्यांची बदली इथं झाली आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. मग अप्पांनी काय पाहिलं, तर परसातला आड. दोर सोडून पाणी मोजलं, चूळ भरून चव बघितली, आणि सोबत आणलेली मूठभर तूरडाळ त्याच पाण्यात, घरमालकाच्याच चुलीवर शिजवून घेतली. डाळ शिजली, म्हणजे पाणी जड नाही; सौदा झाला. दारं लावून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी नव्या कलेक्टर कचेरीत साडेदहाला माझी मुलाखत होती. नऊला आंघोळीला गेले. आंघोळ उरकून दार ढकलते तर बाहेरची कडी आपसूक पडून अडकलेली.

मी ‘अहो’ म्हणून हाक मारली. मग सासूबाईंना मारली. बाहेर भांडी घासायचा आवाज थांबला, आणि परत सुरू झाला.

तेव्हा उमगलं. आमच्याकडे माणशी एक बादली. न्हाणीतून हाक आली की दुसरी बादली मागतात, तेव्हा ओ द्यायची नाही, हा सासूबाईंचा कायदा. (तो करावा लागला माझ्यामुळेच. पहिल्या दिवशी मी तीनदा हाक मारली होती.)

दार अडकलंय म्हणून मी घसा फोडून सांगितलं. सासूबाई शेजारच्या शरणम्माला म्हणाल्या, “शिकलेली हाय बाई. रोज नवं कारण काढती.”

शाळेची दहाची घंटा झाली. दोन वर्षांनी आलेला एकुलता एक कॉल, आणि मी ओल्या केसांनी पालथ्या बादलीवर बसून रडत होते. दारावर थापा मारून हात लाल झाले होते.

एवढ्यात मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून पाण्यानं भरलेला तांब्या जपून आत आला. त्यामागं ह्यांचा दबका आवाज.

“रडू नको. माझ्या वाट्याचं हाय, मी आज आंघोळ करत न्हाई. चांगलं तोंड धू अन् जा मुलाखतीला. फक्त दार अडकलंय म्हणून ओरडू नको, आई काय फसत न्हाई.”